आर्मी अ‍ॅक्टची बेअर अ‍ॅक्ट: ‘निष्कर्षा’च्या पानांसाठी घ्यावी का?

सेना अधिनियम १९५० आणि सेना नियम १९५४ एकाच जिल्दीत बांधलेली बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्याशिवाय नुसत्या कायद्याची पुस्तिका, कायद्याच्या पुस्तकांच्या जवळपास प्रत्येक दुकानात मिळते. प्रकाशक बरेच आहेत, पण मजकूर सरकारी असल्यामुळे आतला माल एकच. हे परीक्षण त्या सगळ्या पुस्तिकेचं नाही. कोर्ट मार्शलमध्ये माणूस नेमक्या कोणत्या गुन्ह्यासाठी दोषी ठरू शकतो, आणि मूळ आरोप सिद्ध झाला नाही तर त्याऐवजी कोणत्या कमी गुन्ह्यात अडकू शकतो, एवढ्यापुरती ही पुस्तिका कितपत कामाची आहे ते इथे पाहिलं आहे. आरोपपत्र हातात पडलेला जवान, त्याचे घरचे, पहिल्यांदाच डिफेंडिंग ऑफिसर, म्हणजे आरोपीचा बचाव मांडणारा अधिकारी, म्हणून नेमलेला कॅप्टन आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणात नव्याने उभा राहणारा वकील, या सगळ्यांना आधी हीच पानं लागतात.

पुस्तिका घ्यावी, पण दोन्ही भाग एकत्र असलेलीच. नुसता अधिनियम ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. निष्कर्षाचा, म्हणजे कोर्ट आरोपीला दोषी की निर्दोष ठरवतं त्याचा, कायदा मात्र अर्धा अधिनियमाच्या कलम १३९ मध्ये आहे आणि अर्धा नियम ६२ मध्ये. छापील पुस्तिकेत अधिनियम पुढे आणि नियम मागे असतात, आणि या दोघांना जोडणारी एक ओळही कुठे सापडत नाही. कलम १३९ वाचून पुस्तक मिटणाऱ्याला चित्राची एकच बाजू दिसते.

आधी कलम १३९. आठ उपकलमांचं हे छोटं कलम म्हणजे एक बंद यादी आहे. अमुक आरोप ठेवला असेल तर तमुक गुन्ह्यात दोषी ठरवता येतं, अशा वाटा त्यात मोजून दिल्या आहेत. यादीत वाट असेल तर वेगळा आरोप न ठेवताही कोर्ट तिथे जाऊ शकतं. नसेल तर नाही. ‘मोठ्या गुन्ह्यात लहान गुन्हा आपोआप आलाच’ हा समज घेऊन ही पानं वाचणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

सर्वांत जास्त वापरलं जाणारं पहिलं उपकलम पलायनाचं. पलायनाचा, म्हणजे डेझर्शनचा आरोप असेल तर पलायनाच्या प्रयत्नात किंवा विनारजा गैरहजेरीत दोषी ठरवता येतं. दुसऱ्या उपकलमानुसार प्रयत्नाचा आरोप असेल तर गैरहजेरीवर उतरता येतं. कागदावर या तीन पायऱ्या दिसतात, पण शिक्षेच्या हिशोबात त्या दोनच आहेत. कलम ३८ मध्ये पलायन आणि पलायनाचा प्रयत्न एकाच वाक्यात बसवले आहेत आणि दोन्हींची कमाल शिक्षा सारखी आहे: प्रत्यक्ष सेवेत, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर, किंवा तशा सेवेचा हुकूम मिळालेला असताना मृत्युदंडापर्यंत, एरवी सात वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे ‘निदान प्रयत्नावर तरी आणू’ या बचावातून फारसं काही हाती लागत नाही. खरी उतरण कलम ३९ वर आहे. विनारजा गैरहजेरीची कमाल शिक्षा तीन वर्षं.

दोहोंतला फरक हेतूचा. गैरहजेरीचे दिवस हजेरीपटावरून सिद्ध होतात, पण परत यायचंच नव्हतं किंवा एखादं महत्त्वाचं लष्करी कर्तव्य टाळायचं होतं, हे सरकारी पक्षाला वेगळं दाखवावं लागतं. गणवेश कुठे सापडला, माणूस नाव बदलून नोकरी करत होता का, स्वतः हजर झाला की पकडला गेला, युनिटला पत्र किंवा फोन केला होता का, अशा गोष्टींवर ते ठरतं. गैरहजेरी किती लांबली यावरून हेतूचा अंदाज बांधता येतो, पण नुसते दिवस पुरत नाहीत.

इथे पुस्तिकेतलं कलम १०६ वाचकाला हमखास फसवतं. तीस दिवस विनापरवाना गैरहजर राहिल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे चौकशी मंडळ, बसते आणि गैरहजेरी जाहीर करते. माणूस त्यानंतर हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर अधिनियमापुरता तो पळपुटा मानला जातो. ‘युनिटने डेझर्टर घोषित केलंय, म्हणजे संपलंच’ असं घरचे धरून चालतात, ते यामुळेच. ही घोषणा म्हणजे दोषसिद्धी नव्हे. खटल्यात हेतू नव्याने सिद्ध करावाच लागतो, आणि तो झाला नाही तर कोर्टाला कलम ३९ वर उतरायची वाट मोकळी असते.

याच जागी मुदतीचा प्रश्न निघतो, आणि पुस्तिका तो कलम १३९ शी कुठेच जोडून दाखवत नाही. कलम १२२ प्रमाणे खटला सुरू करायला तीन वर्षांची मुदत आहे, पण पलायन, फसवून भरती होणं आणि कलम ३७ मधलं बंड यांना ती लागू नाही. गैरहजेरीला ती लागू आहे. पाच वर्षांनी सापडलेल्या माणसावर पलायनाचा खटला चालतो. हेतू सिद्ध न होता निष्कर्ष कलम ३९ वर आला, तर बचाव पक्षाने मुदतीचा मुद्दा तिथेच, नोंदीवर उचलायला हवा. अटक टाळत घालवलेला काळ कलम १२२ च्या हिशोबातून वगळला जातो, त्यामुळे मुद्दा एका झटक्यात जिंकला जाईल असं नाही. पण तो नोंदीवर नसेल तर पुढे मांडणं जड जातं. कलम १३९ च्या समासात पेन्सिलीने ‘१२२ पाहा’ असं लिहून ठेवावं.

तिसरं आणि चौथं उपकलम शेजारी शेजारी आहेत, पण त्यांचं वजन वेगळं. फौजदारी बळ वापरल्याचा आरोप असेल तर हमल्यात दोषी ठरवता येतं. ऐकायला हे हलकं वाटतं, पण वरिष्ठाच्या संदर्भात दोन्ही कलम ४० च्या ए खंडातच येतात आणि कमाल शिक्षा एकच आहे: वरिष्ठ आपलं कर्तव्य बजावत असताना किंवा प्रत्यक्ष सेवेत चौदा वर्षं, इतर वेळी दहा. धमकीच्या भाषेवरून उद्धट भाषेवर उतरणं मात्र खरोखर उतरणं आहे, कारण उद्धट भाषेची कमाल शिक्षा पाच वर्षंच. बचावाचा वेळ थोडा असेल तर तो चौथ्या उपकलमावर घालवावा. शब्द नेमके काय होते, ते कोणत्या भाषेत बोलले गेले, त्यात पुढे काही करण्याची धमकी होती की नुसता अपमान, हे साक्षीदारांच्या उलटतपासणीत खणून काढावं.

पाचवं उपकलम म्हणजे कलम ५२ च्या ए ते डी खंडांचं: चोरी, अप्रामाणिक अपहार, विश्वासघात, चोरीचा माल घेणं किंवा ठेवणं. यातल्या कोणत्याही एकाचा आरोप असेल तर दुसऱ्या कोणत्याही खंडात दोषी ठरवता येतं, अट एवढीच की तो आरोप त्याच्यावर ठेवता आला असता. इथे खाली उतरणं नाही, आडवं सरकणं आहे. चारही खंडांची कमाल शिक्षा दहा वर्षंच. परिणाम असा की स्टोअरमधल्या मालाच्या चोरीचा आरोप असलेल्या स्टोअरमनने ‘माल माझ्याच ताब्यात होता, मग मी चोरी कशी करीन’ असा बचाव केला, तर तो स्वतःच विश्वासघाताच्या आरोपाची पहिली अट पुरवून बसतो. चोरीचा बचाव करताना बाकीचे तीन खंड समोर उघडे ठेवूनच प्रश्न विचारावे लागतात. उलट बाजूने, ई आणि एफ खंड या यादीत नाहीत. मालाची नासधूस किंवा फसवणुकीच्या हेतूने केलेली इतर कृत्यं या उपकलमातून गाठता येत नाहीत. चोरीच्या आरोपावरून कोर्ट थेट एफ खंडात गेलं असेल, तर तो निष्कर्ष टिकवणं अवघड आहे.

सातवं उपकलम आकाराने लहान, पण पल्ला लांब. जास्त शिक्षेची परिस्थिती सिद्ध झाली नाही, तर तोच गुन्हा कमी शिक्षेच्या परिस्थितीत घडला असं धरून दोषी ठरवता येतं. सर्वांत सोपं उदाहरण पहाऱ्यावर झोपलेल्या संत्रीचं. कलम ३६ मध्ये हा गुन्हा प्रत्यक्ष सेवेत असेल तर चौदा वर्षं, नसेल तर सात. संत्री झोपला होता हे सिद्ध आहे, प्रत्यक्ष सेवा सिद्ध नाही. निष्कर्ष दुसऱ्या परिस्थितीचा. मात्र कलम ९ प्रमाणे सरकार अधिसूचनेने एखाद्या वर्गाला प्रत्यक्ष सेवेत असल्याचं मानू शकतं, हे वाचल्याशिवाय या मुद्द्यावर बचाव उभा करू नये.

आठवं उपकलम प्रयत्न आणि चिथावणी यांचं. वेगळा आरोप नसतानाही त्यात दोषी ठरवता येतं. ज्या गुन्ह्यांत प्रयत्नाची वेगळी तरतूद नाही तिथे कलम ६५ लागतं, आणि कैदेच्या गुन्ह्याच्या प्रयत्नाची कमाल शिक्षा मूळ शिक्षेच्या निम्मी होते. म्हणजे चोरीच्या प्रयत्नाला पाच वर्षं. चिथावणीत अशी निम्मी सूट गृहीत धरू नये, त्यासाठी कलम ६६ ते ६८ नीट वाचावीत.

राहिलं सहावं उपकलम, आणि पुस्तिका सर्वांत जुनी वाटते ती इथेच. कलम ६९ खाली दिवाणी, म्हणजे देशाच्या सर्वसाधारण फौजदारी कायद्यातला गुन्हा लावला असेल, तर फौजदारी प्रक्रिया संहिता लागू असती तर ज्या इतर गुन्ह्यात दोषी ठरवता आलं असतं, त्यात ठरवता येतं. मजकुरात अजून १८९८ ची संहिता आहे. ती जाऊन १९७३ ची आली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. सर्वसाधारण खंड अधिनियम १८९७ च्या कलम ८ प्रमाणे जुन्या कायद्याचा उल्लेख त्याच्या जागी आलेल्या कायद्याचा म्हणून वाचायचा असतो. म्हणून आज इथे या नव्या संहितेची कलम २४४ आणि २४५ उघडावी लागतात. त्यांतून खुनाच्या आरोपावरून सदोष मनुष्यवधावर उतरता येतं. एवढी एक तळटीप छापायला प्रकाशकाला काही अवघड नव्हतं. घेताना हे पान उघडून पाहावं, तळटीप असलेली आवृत्ती बिनधास्त उचलावी. आणि खुनाचा विषय निघालाच आहे तर कलम ७० ही पाहावं. लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा तिच्यावरचा बलात्कार यांचा खटला कोर्ट मार्शलपुढे चालत नाही. अपवाद प्रत्यक्ष सेवा, भारताबाहेरची जागा आणि अधिसूचित सीमावर्ती ठाणी यांचा.

आता यादीत काय नाही ते. कलम ५४ मध्ये शस्त्र किंवा साहित्य परस्पर नाहीसं करणं ए खंडात आहे, दहा वर्षांचं. निष्काळजीपणाने हरवणं बी खंडात, पाच वर्षांचं. व्यवहारात हे दोन गुन्हे जोडीने येतात, पण एकावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट कलम १३९ मध्ये नाही. कलम ६३ चंही तेच. सुव्यवस्था आणि शिस्त यांना बाध, हा सगळ्यांना ठाऊक असलेला गोळाबेरीज गुन्हा, सात वर्षांचा. कोणताही आरोप फसला की कोर्टाने ६३ वर यावं अशी सोय कायद्यात नाही. अशा ठिकाणी सरकारी पक्षाला पर्यायी आरोप आरोपपत्रातच ठेवावा लागतो. आरोपपत्र हातात आलं की आधी हेच तपासावं: ५४ ए च्या खाली ५४ बी पर्यायी म्हणून लिहिलंय का? नसेल, तर कोर्टापुढे त्या आरोपावर दोषी किंवा निर्दोष, एवढंच उरतं.

इथून मागच्या भागात जायचं, नियम ६२ कडे. या पुस्तिकेतलं सर्वांत मोलाचं पान हेच, आणि सर्वांत कमी वाचलं जाणारंही. प्रत्येक आरोपावर वेगळा निष्कर्ष नोंदवायचा. पर्यायी आरोपांपैकी एकाहून जास्त आरोपांवर दोषी ठरवायचं नाही, एक सिद्ध झाला की दुसरा ओघाने येत असला तरीही. पर्यायी आरोपांतला नेमका कोणता सिद्ध झाला याबद्दल शंका असेल, तर निष्कर्ष नोंदवण्याआधी पुष्टी देणाऱ्या, म्हणजे निष्कर्षाला मंजुरी देणाऱ्या, अधिकाऱ्याचं मत मागवता येतं. आणि निष्कर्ष खुल्या कोर्टात, पुष्टीच्या अधीन राहून जाहीर करायचा.

त्यातच विशेष निष्कर्षाची तरतूद आहे. कलम १३९ मध्ये गुन्हा बदलतो. विशेष निष्कर्षात गुन्हा तोच राहतो, तपशील बदलतात. आरोपपत्रात दहा जेरीकॅन चोरल्याचं लिहिलंय, पुराव्यात सहाच सिद्ध झाले. कोर्ट ‘दोषी, मात्र दहाऐवजी सहा’ असा अपवाद नोंदवून निष्कर्ष देऊ शकतं. यासाठी दोन गोष्टी लागतात: सिद्ध झालेल्या गोष्टींवर तोच गुन्हा उभा राहायला हवा, आणि फरकामुळे आरोपीच्या बचावाला धक्का लागलेला नसावा. आकडा कमी झाला तर बहुधा धक्का लागत नाही. तारीख किंवा जागा बदलली की प्रकरण वेगळं. आरोपीने त्या दिवशी आपण दुसरीकडे होतो असं सिद्ध केलं असेल आणि कोर्टाने तारीखच बदलून त्याला दोषी ठरवलं, तर त्याचा सगळा बचाव वाया जातो. असा विशेष निष्कर्ष आव्हान देण्यासारखा असतो. दोन्ही तरतुदी एकमेकींत मिसळून लिहिलेले निष्कर्ष ही नेहमीची चूक आहे. ‘विशेष निष्कर्षाने गैरहजेरीत दोषी’ असं लिहिलेलं दिसलं, की कोणत्या तरतुदीचा आधार घेतलाय हा प्रश्न लगेच विचारावा.

नियम ६२ वरूनच आवृत्ती जुनी की नवी हेही कळतं. निष्कर्षाला कारणं देणं बंधनकारक नाही असं सर्वोच्च न्यायालयाने एस. एन. मुखर्जी प्रकरणात १९९० मध्ये म्हटलं होतं. त्यानंतर १९९३ च्या दुरुस्तीने नियमात थोडक्यात कारणं देण्याची अट आली. हातातल्या प्रतीत निष्कर्ष नुसता ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ लिहायचा एवढंच असेल आणि कारणांचा उल्लेख नसेल, तर ती प्रत परत ठेवावी. दुसरी खूण कलम १२७. ते १९९२ मध्ये वगळलं गेलं. त्या जागी पूर्ण मजकूर छापलेला असेल तर पुस्तिका त्याहून जुनी आहे, आणि कलम १२२ ची मुदत मोजायची सुधारलेली रीतही तिच्यात नसणार. सेकंडहँड पुस्तकांच्या गठ्ठ्यात अशा प्रती अजून निघतात.

मतदानाची कलमं पुस्तिकेत सरळ वाचता येतात. कोर्ट मार्शलच्या प्रकारांपैकी जनरलला किमान पाच अधिकारी लागतात, डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरलला किमान तीन. कलम १३२ प्रमाणे निर्णय पूर्ण बहुमताने, आणि निष्कर्षावर समसमान मतं पडली तर कौल आरोपीच्या बाजूने. मृत्युदंडाला जनरल कोर्ट मार्शलमध्ये दोन तृतीयांश आणि समरी जनरलमध्ये सगळ्या सदस्यांची संमती लागते. मत तोंडी आणि सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरू करून घेतलं जातं, म्हणजे ब्रिगेडियरचं ऐकून कॅप्टनने मान डोलावायचा प्रश्न निदान कागदावर येत नाही. समरी कोर्ट मार्शलमध्ये हे काहीच नाही. तिथे कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो आणि सोबतचे दोघे नुसते हजर असतात. तिथली कैद लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या अधिकाऱ्यासाठी एक वर्षापर्यंत, त्याखालच्यासाठी तीन महिन्यांपर्यंत. त्यामुळे सात वर्षं की तीन वर्षं हा हिशोब तिथे निरर्थक ठरतो. कमी गुन्ह्याचा फायदा बडतर्फी टळते का यात शोधावा लागतो.

निष्कर्षानंतरचा प्रवास पुस्तिकेत तीन ठिकाणी विखुरला आहे. कलम १५३ प्रमाणे जनरल, डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरल कोर्ट मार्शलचा निष्कर्ष पुष्टीशिवाय वैध नाही. कलम १६० प्रमाणे पुष्टी देणारा अधिकारी तो एकदाच फेरविचाराला परत पाठवू शकतो. कलम १६३ प्रमाणे, पुष्टी झालेला किंवा पुष्टीची गरज नसलेला दोषी निष्कर्ष अवैध ठरला किंवा पुराव्यावर टिकला नाही, तर सक्षम अधिकारी त्याऐवजी दुसरा निष्कर्ष घालू शकतो. अट अशी की मूळ कोर्टाला त्या आरोपावर तो देता आला असता आणि त्याला लागणाऱ्या गोष्टींची कोर्टाला खात्री पटलेली असली पाहिजे. म्हणजे कलम १३९ ची यादी खटला संपल्यावरही बोकांडी बसलेली असते. न्यायाधिकरणाला हाच अधिकार सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम २००७ च्या कलम १५(६) ने दिला आहे. अपिलात पलायनाचा निष्कर्ष पाडून घेतला म्हणजे माणूस सुटलाच असं नाही; न्यायाधिकरण त्याला गैरहजेरीत दोषी ठरवून नवी शिक्षा देऊ शकतं. अपिलाचा मसुदा करतानाच गैरहजेरीवरची शिक्षा किती असावी याचं म्हणणं त्यात पर्यायी मागणी म्हणून घालावं. हा २००७ चा अधिनियम काही आवृत्त्या शेवटी जोडतात, काही जोडत नाहीत. जोडलेली घ्यावी.

छपाई बहुधा बरी असते, विषयसूची वाईट. ‘निष्कर्ष’ शोधलं तर नियम ६२ सापडतो, कलम १३९ बहुतेक सापडत नाही. नियमांच्या शेवटी असलेल्या परिशिष्टातले आरोपांचे आणि कामकाजाचे नमुने मात्र जरूर पाहावेत. आरोपाचे दोन भाग, गुन्ह्याचं विधान आणि तपशील, कसे वेगळे लिहितात ते तिथे एका नजरेत कळतं. नौदलातल्या माणसासाठी ही पुस्तिका घेऊ नये. नौदलाला १९५७ चा वेगळा अधिनियम आहे आणि त्याची मांडणीच निराळी आहे. हवाई दलाचा १९५० चा अधिनियम याच्याशी बराच मिळताजुळता आहे, पण कलमांचे आकडे पुढेमागे होतात, त्यामुळे इथला आकडा तिकडच्या अर्जात लिहू नये.